वाढवणचं खोल पाणी आणि खान्देशची केळी

बागेतून घड यायला लागले की पॅकहाउसमध्ये कुणाला मान वर करायला वेळ नसतो. रावेर तालुक्यात माझ्या मामेभावाचं असं एक पॅकहाउस आहे. घड टांगायचा, त्याच्या फण्या कापायच्या, तुरटीच्या पाण्याच्या हौदात सोडायच्या म्हणजे चीक निघून जातो. मग त्या निथळवून, तोलून, साधारण तेरा किलोच्या खोक्यात फोमचा कागद घालत घालत रचायच्या. बाहेर चाळीस फुटी पांढरा कंटेनर उभा असतो आणि त्याच्या तोंडाशी बसवलेलं थंडाव्याचं यंत्र सारखं घरघरत असतं. बाहेर बेचाळीस अंश, आत तेरा-चौदा. एका कंटेनरमध्ये साधारण वीस टन माल बसतो.

तिथेच चहाच्या वेळी कुणीतरी मोबाइलवर वाढवण बंदराची बातमी वाचून दाखवली. ७६ हजार कोटी हा आकडा ऐकून सगळे थांबले. फण्या कापणारे एक काका म्हणाले, "समुद्र तिकडे, आपल्याले काय त्याचं?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख. बंदर म्हणजे नेमकं काय बांधतात, 'खोल पाणी' या शब्दाला एवढं वजन का आहे, डहाणूकडचे मच्छीमार इतकी वर्षं का लढतायत, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बसलेल्या आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारला यातून काय मिळू शकतं, हे जमेल तितकं सोपं करून सांगतो.

आधी तापीची गोष्ट

खोल पाणी समजून घ्यायला आपल्याला कोकणात जायची गरज नाही. आपल्या तापीनेच ते शिकवून ठेवलंय.

मोगलांच्या काळात बऱ्हाणपूर हे खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं. तिथलं तलम कापड बैलांवर आणि गाड्यांवर लादून तापीच्या खोऱ्याने नंदुरबार, नवापूर करत सुरतेला जायचं आणि तिथून इराण, अरबस्तान, युरोप. सतराव्या शतकात या वाटेने गेलेल्या ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असं लिहून ठेवलंय. नवापूरकडचे लोक आजही आपल्या भाताचं कौतुक ऐकून खूश होतात, त्यांना हे जरूर सांगावं. सुरत तेव्हा किती श्रीमंत होती, हे शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा तिच्यावर स्वारी केली यावरूनच कळतं.

पण या एवढ्या मोठ्या बंदराला मोठी जहाजं लागतच नसत. तापीच्या मुखाशी वाळूचे आणि गाळाचे दांडे तयार झाले होते. युरोपातून आलेली मोठी जहाजं सुरतेच्या पश्चिमेला, समुद्रकाठच्या सुवाळीला नांगर टाकायची. तिथून माल लहान होड्यांत उतरवायचा किंवा बैलगाड्यांत भरायचा आणि मग सुरत गाठायची. जाताना तसंच उलट. प्रत्येक गाठोडं दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं, आणि प्रत्येक चढ-उताराला हमाली, वेळ, नासधूस.

हा गाळ आला कुठून? सातपुड्यातून, पूर्णेच्या खोऱ्यातून, आपल्या काळ्या रानांतून. पावसाळ्यात तापी तांबडी-काळी होऊन वाहते तेव्हा ती जे घेऊन जाते, तेच पुढे सुरतेच्या तोंडाशी बसत गेलं. सुरतेच्या उतरणीला राजकीय कारणंही होती, सगळा दोष गाळाला देता येणार नाही. पण जहाजांचं आकारमान वाढत गेलं आणि नैसर्गिक खोल पाण्याची मुंबई हाताशी आली, तेव्हा व्यापार तिकडे सरकला. हतनूर धरणात गाळ साचला की काय होतं, हे भुसावळ-रावेरकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. भांडं तेवढंच दिसतं, पण पाणी मावत नाही. बंदराचंही तसंच आहे. धक्का तोच, पण जहाज मावत नाही.

जहाज किती बुडतं

होडीत माणसं बसली की होडी थोडी खाली जाते. भरलेलं जहाज पाण्याखाली जितकं बुडतं, त्या मापाला 'ड्राफ्ट' म्हणतात. आज जगात धावणारी सगळ्यांत मोठी कंटेनर जहाजं साधारण ४०० मीटर लांब, ६० मीटरच्या आसपास रुंद असतात, आणि पूर्ण भरल्यावर त्यांचा ड्राफ्ट १६ मीटरच्या घरात जातो. म्हणजे पाच मजली इमारत पाण्याखाली आहे असं समजा. जहाजाचा तळ आणि समुद्राचा तळ यांच्यात जहाज चालतं राहायला आणखी काही मीटर मोकळं पाणी लागतं. त्यामुळे अशा जहाजांना १८ ते २० मीटर खोलीचं बंदर हवं.

या जहाजांवर २० ते २४ हजार कंटेनर मावतात. इथे 'कंटेनर' म्हणजे वीस फुटी डबा. २० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. बंदराची मोजणी याच डब्यात होते आणि तिला 'टीईयू' असा शब्द आहे. आपला केळीचा चाळीस फुटी डबा म्हणजे दोन टीईयू. आपल्याकडे एका साध्या कंटेनर मालगाडीवर ४५ वाघिणी आणि त्यावर ९० टीईयू बसतात. तेव्हा २४ हजारांचं एक जहाज म्हणजे जवळजवळ २६५ मालगाड्या एकामागे एक. जळगाव स्टेशनात उभं राहून अर्ध्या-अर्ध्या तासाने एक गाडी सोडत बसलं, तरी पाच दिवसांवर लागतील.

एवढं मोठं जहाज कशासाठी? कारण जहाज दुप्पट झालं म्हणून डिझेल, खलाशी, कप्तान हे सगळं दुप्पट लागत नाही. ट्रॅक्टरच्या एका फेरीत जास्त माल नेला की क्विंटलमागे भाडं कमी पडतं, तसाच हा हिशेब. म्हणून आशिया-युरोपसारख्या लांबच्या मार्गांवर मोठी 'मदर' जहाजं चालतात. त्यांना प्रत्येक बंदराला थांबायला वेळ नसतो. ती मोजक्या खोल बंदरांना लागतात, आणि आजूबाजूच्या बंदरांतून लहान 'फीडर' जहाजं माल आणून तिथे जमा करतात. एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवायच्या या कामाला 'ट्रान्सशिपमेंट' म्हणतात. सुवाळीच्या होड्या आणि बैलगाड्या आठवा, तेच काम आता क्रेनने होतं.

आपल्या देशाच्या अडचणीचं मूळ इथे आहे. भारताचा जो माल असा जहाज बदलून जातो, त्यातला सुमारे ७५ टक्के माल परदेशी बंदरांत हाताळला जातो. कोलंबो, सिंगापूर आणि मलेशियातलं पोर्ट क्लँग ही त्यातली मुख्य. नीट लक्षात घ्या, हा आकडा एकूण मालाचा नाही, जहाज बदलणाऱ्या मालाचा आहे. पण त्या मालाची हाताळणी, थांबण्याचं भाडं आणि वेळ यांचे पैसे शेवटी आपल्या निर्यातदाराच्या खिशातून जातात. केरळातलं विळिंजम बंदर याच कारणासाठी उभं राहिलं. तिथे किनाऱ्याजवळच नैसर्गिक खोल पाणी आहे, आणि मे २०२५ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं.

आपल्याजवळचं मोठं बंदर म्हणजे न्हावाशेवा, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर. १९८९ मध्ये ते सुरू झालं. २०२४-२५ मध्ये तिथे ७३ लाख टीईयू हाताळले गेले. फार कष्टाने उभं राहिलेलं आणि चांगलं चाललेलं बंदर आहे. पण ते खाडीच्या तोंडाशी आहे, तिथे गाळ येत राहतो, जहाजांची वाट सतत उपसून खोल ठेवावी लागते. तरी तिथली मर्यादा १५ मीटरच्या ड्राफ्टपाशी येते. त्यापुढची जहाजं तिथे भरून येऊ शकत नाहीत.

मग वाढवणच का, आणि तिथे काय होणार

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात वाढवण नावाचं गाव आहे. जवळच वरोर, चिंचणी, आणि थोडं दक्षिणेला तारापूरचं अणुवीज केंद्र. मुंबईपासून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर. इथे किनाऱ्यापासून फार दूर न जाताच सुमारे २० मीटर खोल पाणी मिळतं. म्हणून बंदर बांधणाऱ्यांची नजर या जागेवर पडली.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी प्रकल्प मंजूर केला. खर्च ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. आराखड्यात प्रत्येकी हजार मीटर लांबीची ९ कंटेनर टर्मिनलं आहेत, शिवाय इतर मालाचे, द्रव मालाचे, गाड्या चढवण्या-उतरवण्याचे आणि तटरक्षक दलाचे धक्के. पूर्ण झाल्यावर वर्षाला २९ कोटी ८० लाख टन माल आणि त्यात सुमारे २ कोटी ३२ लाख टीईयू, अशी क्षमता ठरवली आहे. न्हावाशेवात आज होतं त्याच्या तिपटीहून जास्त. पहिला टप्पा या दशकाच्या शेवटाला आणि पूर्ण बंदर त्यानंतर आणखी काही वर्षांनी, असं नियोजन आहे.

या बंदराची खास गोष्ट म्हणजे ते जमिनीवर नाही. समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर नवी जागा तयार करायची आहे. आपल्या मापात साडेतीन हजार एकरांहून जास्त. त्यासाठी दमणच्या समोरच्या समुद्रतळातून सुमारे २० कोटी घनमीटर वाळू काढून आणायची. आपल्याला घनमीटर समजत नाही, पण दलघमी समजतं, कारण पावसाळ्यात रोज पेपरात धरणांचा साठा वाचतो. २० कोटी घनमीटर म्हणजे २०० दलघमी. हतनूरचा एकूण साठा ३८८ दलघमी. म्हणजे अर्ध्याहून जास्त हतनूर वाळूने भरेल, एवढी वाळू जहाजांनी उचलून दुसरीकडे टाकायची.

त्याच्या पुढे समुद्राकडून १०.१४ किलोमीटर लांबीचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध. धक्क्याला लागलेलं जहाज डुलायला लागलं तर क्रेनने डबा उचलता येत नाही, म्हणून आतलं पाणी शांत हवं. आपण नाल्याला बांध घातला की वरच्या बाजूला गाळ साचतो आणि खालच्या बाजूची काठं खचायला लागतात. समुद्रातही प्रवाह अडवला की असंच घडू शकतं. एका बाजूला वाळू बसते, दुसऱ्या बाजूचा किनारा झिजतो. म्हणून असा बांध घालण्याआधी प्रवाहांचा वर्षानुवर्षं अभ्यास लागतो, आणि तो झाल्यावरही किनाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते.

पैसा कोण घालणार, हाही नेहमीचा प्रश्न. यासाठी वाढवण पोर्ट प्रोजेक्ट लिमिटेड ही वेगळी कंपनी काढली आहे. तिच्यात ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. भराव, बांध, रस्ता, रेल्वे ही सामायिक कामं कंपनी करणार, आणि टर्मिनलं खासगी चालकांकडून उभी करून घेऊन ती चालवायला देणार. बाजार समितीचं आवार आठवा. समिती आवार, काटा, रस्ते, दिवे सांभाळते, गाळे अडत्यांना देते आणि सेस घेते. बंदराचा कारभार बराचसा तसाच.

समुद्राचा सातबारा नसतो

आता जी बाजू सांगतो, ती आपल्या फायद्यापेक्षा मोठी आहे असं मला वाटतं.

डहाणू तालुका २० जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तिथे कोणते उद्योग चालतील, कोणते नाही, यावर तेव्हापासून बंधनं आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. नव्वदच्या दशकात वाढवणला बंदराचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी विरोध केला, आणि १९९८ मध्ये या प्राधिकरणाने डहाणूत असं बंदर करता येणार नाही असा निर्णय दिला. लोकांना वाटलं विषय संपला.

वीसेक वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली, तेव्हा खर्च ६५ हजार कोटींच्या वर सांगितला होता. बंदराला उद्योग म्हणायचं की नाही, यावरूनच मोठा वाद झाला, कारण उत्तर 'हो' असेल तर डहाणूत ते बसतच नव्हतं. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, आता नव्या अध्यक्षांखाली, अटी घालून परवानगी दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी आली. मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

सरकारची बाजू अशी: बंदर समुद्रात आहे, त्यामुळे त्यासाठी गाव उठवावं लागत नाही. जमीन घ्यावी लागेल ती रस्ता आणि रेल्वेसाठी. मच्छीमारांना भरपाई, तरुणांना प्रशिक्षण मिळेल. रोजगाराचा आकडा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून दहा लाखांच्या पुढे सांगितला जातो.

मच्छीमारांची बाजू: आमचं शेतच समुद्रात आहे. वसई-डहाणूपासून गुजरातपर्यंतच्या या पट्ट्याला ते सोन्याचा पट्टा म्हणतात. घोळ, दाढा, पापलेट, शेवंड इथे मिळतात. किनाऱ्याजवळ खडकाळ पाणी आहे, ओहोटी लागली की बायका तिथे कालवं काढतात, खेकडे धरतात. मासे याच उथळ, खडकाळ भागात अंडी घालतात. तिथेच भराव पडला, मोठ्या जहाजांची वाट आखली गेली, की होड्यांना फिरून जावं लागेल आणि काही ठिकाणी जाळी टाकताच येणार नाहीत. गाव उठलं नाही तरी धंदा उठला, तर गावात राहून करायचं काय?

पॅकहाउसमधल्या त्या काकांना मी हे सांगत होतो, तेव्हा त्यांनी मधेच विचारलं, "त्या लोकांच्या सातबाऱ्यावर काय लिहिलेलं असतं?" काहीच नसतं. समुद्राचा सातबारा नसतो. आणि आपल्याकडे भरपाईची सगळी यंत्रणा सातबाऱ्यावर चालते. ज्याच्या नावावर जमीन त्याला मोबदला, घर असेल तर घराचा. पण तीन पिढ्या एका ठरावीक ठिकाणी डोल जाळी लावणाऱ्याचा, किंवा ओहोटीला टोपली घेऊन खडकांवर जाणाऱ्या बाईचा हक्क कोणत्या कागदावर आहे? होडीची नोंदणी असेल तर तिचा काही आधार. त्या होडीवर मजुरीने जाणाऱ्याचं काय? बाजारात मासे विकणारीचं काय?

हे आपल्याला समजलं पाहिजे, कारण आपण हे पाहिलंय. उकाई धरणाच्या पाण्याखाली नवापूर-नंदुरबारकडची गावं गेली. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं आली, मणिबेली त्यातलं पहिलं. तिथल्या कित्येक आदिवासींकडे कसत असलेल्या वनजमिनीचा कागद नव्हता, आणि कागद नाही म्हणून ते हिशेबातच नव्हते. पुढे २००६ मध्ये वनहक्क कायदा आला आणि कागदाशिवायचा हक्कही हक्क असतो, हे निदान जंगलापुरतं मान्य झालं. समुद्रावर जगणाऱ्यांसाठी तसा कायदा नाही. वाढवणच्या भरपाईत कोण मोजलं जातं आणि कोण सुटतं, हे खान्देशातल्या माणसाने नंदुरबारच्या आठवणीने पाहावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या केळीला जवळचं बंदर मिळावं ही इच्छा धरताना हा भाग डोळ्याआड करता येणार नाही.

आपला रस्ता कुठून जातो

आता केळीकडे येतो.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरची केळी पूर्वीपासून रेल्वेने दिल्लीकडे जाते. सावदा आणि रावेर स्टेशनांची ओळखच ती. २०१६ मध्ये जळगाव केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. परदेशात जाणारा आपला माल मुख्यतः आखाती देशांत जातो, आणि तो रस्त्याने न्हावाशेवाला पोचतो. भुसावळ, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट, भिवंडी, असं साधारण पाचशे किलोमीटर.

यात एक खर्च बाहेरच्या माणसाला दिसत नाही. थंड कंटेनर आपल्याकडे नसतो. तो रिकामा बंदराकडून निघतो, पाचशे किलोमीटर चालून पॅकहाउसला येतो, भरतो, आणि तेवढाच परत जातो. भाडं दोन्ही बाजूंचं पडतं. आणि पूर्ण वाटेत डिझेलवर चालणारा जनरेटर लावून आतलं तापमान टिकवावं लागतं. तेरा अंशांच्या फार खाली गेलं तर केळीची साल आतून करपते, वर गेलं तर माल पिकायला लागतो. एक फणी पिकली की ती जो वायू सोडते, त्याने शेजारची पिकते.

दोन वर्षांपूर्वी ऐन वैशाखात आमच्या घरच्या मालाचा एक कंटेनर बंदराबाहेरच्या रांगेत अडकला. रात्रीत कधीतरी जनरेटर बंद पडला आणि सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. दार उघडलं तेव्हा आतून पिकल्या केळीचा गोड, गरम वास बाहेर आला. हिरवीगार बंद केलेली खोकी, आणि मधल्या रांगांमधल्या फण्या पिवळ्या. वर्षभर जपलेली बाग होती ती. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून अंतरापेक्षा वाटेतला वेळ आणि भरवसा महत्त्वाचा. आणि सरळ सांगायचं, तर रस्त्याने मोजलं तर वाढवण आपल्याला न्हावाशेवापेक्षा फारसं जवळ नाही. तरी रस्त्याच्या बाजूने काही गोष्टी घडतायत. बंदरापासून पालघर जिल्ह्यातल्या तवा गावापर्यंत ३२ किलोमीटरचा आठपदरी रस्ता होऊन तो दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाला जोडणार आहे. तव्याहून इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत सुमारे १०५ किलोमीटरचा मालवाहतूक मार्ग काढून समृद्धी महामार्गाशी जोडायला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. धुळे-नाशिकहून जाणाऱ्या ट्रकला भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत न शिरता बंदर गाठता येईल. एवढाच फायदा धरला तरी तो लहान नाही.

माझा जीव मात्र रेल्वेत अडकलाय. आपल्याकडे जळगाव-उधना ही तापी खोऱ्यातली लाइन आहे. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत सुरतेशेजारच्या उधन्याला जाणारी, ३०७ किलोमीटरची. अलीकडच्या काळात ती दुहेरी झाली. उधन्याहून दक्षिणेला डहाणू साधारण १४० किलोमीटर. म्हणजे जळगाव ते डहाणू साडेचारशे किलोमीटरच्या आत. जळगावहून कसाऱ्यामार्गे मुंबई ४२० किलोमीटर आहे आणि न्हावाशेवा त्याच्याही पुढे, म्हणजे अंतर जवळपास सारखंच. फरक घाटाचा. कसारा-इगतपुरीत ३७ फुटाला एक फूट असा चढ आहे, आणि परतीच्या मालगाडीला मागून जादा इंजिनं लावल्याशिवाय तो चढवत नाही. त्यात मुंबईच्या लोकलची गर्दी. तापीच्या लाइनला असा घाटच नाही. नदी जशी उतरत जाते, तशी ती लाइन उतरते. शिवाय पश्चिमेकडे मालगाड्यांसाठीच बांधलेला दिल्ली-न्हावाशेवा मार्ग पालघर जिल्ह्यातूनच जातो आणि वाढवण त्याला रेल्वेने जोडण्याची योजना आहे.

थोडक्यात, बऱ्हाणपूरचं कापड ज्या खोऱ्याने सुरतेला जायचं, त्याच खोऱ्याने रावेरची केळी वाढवणला जाऊ शकते.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुबईला जाणाऱ्या केळीला २४ हजार डब्यांचं जहाज लागत नाही. आखात जवळ आहे, मध्यम जहाजं न्हावाशेवाहून थेट जातात. खोल पाण्याचा खरा उपयोग होईल तो लांबच्या बाजारांना. युरोपला केळी पाठवायची झाली तर प्रत्येक दिवस मोलाचा, आणि वाटेत जहाज बदलायचं टळलं तर माल टिकतो. आपल्या जिनिंगमधून निघालेल्या गाठी आणि सूत पूर्वेकडे जातं. जळगावचे पाइप, ठिबकचं सामान, डाळ, नंदुरबारची मिरची यांनाही जहाजाचं भाडं कमी झालं तर फरक पडेल. उलट बाजूही आहे. बंदरातून माल जसा जातो तसा येतो. बाहेरची स्वस्त डाळ किंवा कापूस आत यायलाही तोच धक्का वापरला जाईल. तो सरकारच्या आयात धोरणाचा विषय आहे, बंदराचा नाही, पण डाळ मिलच्या गावात ही शंका लोक विचारतात आणि ती बरोबर आहे.

बंदर झालं म्हणून आपला माल आपोआप तिथे पोचणार नाही. भुसावळ किंवा जळगावच्या परिसरात रिकामे थंड कंटेनर साठवायचं आवार हवं, म्हणजे पाचशे किलोमीटर रिकामं आणण्याचं भाडं वाचेल. तिथे कंटेनरला वीज जोडायची सोय हवी, जनरेटरच्या भरवशावर रात्र काढावी लागू नये. कस्टमची तपासणी आणि केळीचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र तिथेच मिळायला हवं. आणि कंटेनरची गाडी ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी सुटायला हवी, मग ती अर्धी भरली असली तरी. शेतकरी कापणीचा दिवस गाडीच्या वेळेवर ठरवतो. गाडी 'भरेल तेव्हा सुटेल' असं असेल, तर तो ट्रकच बोलावणार.

काकांना मी एवढं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हातातली फणी हौदात सोडली आणि विचारलं, ती गाडी सावद्याहून सुटेल की भुसावळहून. सावद्याहून सुटली तर माल ट्रॅक्टरनेच नेता येईल, असा त्यांचा हिशेब होता. खासदार आले की हा प्रश्न त्यांना विचारायचा, असं तिथे बसलेल्यांनी ठरवलंय. संध्याकाळी साडेसहाला कंटेनर भरला, दाराला सील लागलं, ड्रायव्हरने आतलं तापमान कागदावर लिहून घेतलं, आणि गाडी नेहमीसारखी कसाऱ्याच्या दिशेने निघाली.